पिंजऱ्यात साथ शिरली की होणाऱ्या या चुका टाळा : कॅनरी आणि फिंच पाळणाऱ्यांसाठी

भर पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी कॉलनी पिंजऱ्यातली, म्हणजे अनेक पक्षी एकत्र ठेवलेल्या पिंजऱ्यातली, एक झेब्रा फिंच तळाशी पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसलेली दिसते. गारठली असेल अशी स्वतःची समजूत घालून आपण कामाला निघून जातो, आणि तिसऱ्या दिवशी ट्रेमध्ये दोन पक्षी मरून पडलेले असतात व दांडीवर आणखी तीन गोळे होऊन बसलेले असतात. मग धावपळ सुरू होते. दुकानदाराने दिलेली पूड पाण्यात पडते, शेजाऱ्याने सांगितलेले लसणाचे पाणी पडते, पिंजरा फिनेलने धुतला जातो, आणि यातल्या कशाचा उपयोग झाला व कशाने बिघडले हे शेवटपर्यंत कळत नाही. औषध आधी आणि निदान नंतर, हा उलटा क्रम पुढच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे.

‘अजून खातो आहे ना’ या भरवशावर राहणे

झेब्रा फिंचचे वजन साधारण 12 ग्रॅम आणि कॅनरीचे 20 ग्रॅमच्या आसपास असते, तर शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या घरात असते. एवढ्या लहान देहात एवढी ऊब टिकवायची तर दिवसभर खावेच लागते, आणि एक दिवस उपास घडला तरी पक्षी हातचा जाऊ शकतो. त्यातच आजार लपवण्याची त्यांची उपजत सवय अशी, की पक्षी उघडपणे आजारी दिसू लागतो तोवर दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

आजारी फिंच पुष्कळदा दाण्याच्या वाटीतच बसून राहते, दाणा चोचीत घोळवते, सोलते आणि टाकून देते. लांबून पाहणाऱ्याला ती भरपूर खाते आहे असेच वाटते. वाटीही भरलेली दिसते, पण वरून हलकी फुंकर मारली की फोलपटे उडतात आणि खाली राळ्याचा दाणाही उरलेला नसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. पक्षी हळुवार हातात घेऊन छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. ते हाड सुरीच्या पात्यासारखे बोटाला लागत असेल तर पक्षी बरेच दिवस आतून झिजतो आहे असे समजावे. दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घरी असावा, कारण 12 ग्रॅमच्या पक्ष्याचे 2 ग्रॅम कमी होणे म्हणजे सहावा हिस्सा गेला. ट्रेमध्ये वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद घालावा. विष्ठेतला घट्ट गडद भाग, पांढरा भाग आणि भोवतीचे पाणी वेगवेगळे ओळखता आले, की हिरवट चिकट जुलाब, रक्ताचा अंश किंवा न पचलेले अख्खे दाणे लगेच नजरेत भरतात.

एकाला वेगळे काढून बाकीच्यांना निरोगी मानणे

आजारी पक्षी वेगळा काढणे आवश्यकच आहे, पण तो ज्या पाण्यात आंघोळ करत होता तेच पाणी सगळे पीत होते. म्हणून जागे असलेले, उडणारे, गाणारे पक्षीही संशयितच मानावेत. रोजचे काम आधी बऱ्या पक्ष्यांचे आणि शेवटी आजाऱ्यांचे करावे, दोन्हीकडची भांडी, ब्रश आणि फडकी वेगळी ठेवावीत आणि मध्ये हात साबणाने धुवावेत. अनेक जण हा क्रम नेमका उलटा करतात, कारण सकाळी उठल्याबरोबर पहिली काळजी आजारी पक्ष्याचीच वाटते.

वेगळ्या पिंजऱ्यात सर्वांत मोठे औषध म्हणजे ऊब. तीन बाजूंनी कापड लावून एका टोकाला 40 वॅटचा साधा बल्ब बाहेरून असा लावावा, की तिथले तापमान 30 अंशांच्या आसपास राहील आणि दुसरे टोक त्याहून थंड असेल, म्हणजे पक्ष्याला हवी ती जागा निवडता येते. पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी टाकली तर उष्णता जास्त झाली आहे. दांडी तळाशी अगदी जवळ ठेवावी, दाणा-पाणी खालीच ठेवावे, आणि अशक्त पक्ष्याच्या चोचीत जबरदस्तीने थेंब सोडण्याचा मोह टाळावा, कारण ते पाणी श्वासनलिकेत गेले तर आपल्याच हाताने तो गुदमरतो.

पाण्यात सरसकट अँटिबायोटिक मिसळणे

ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि मीही ती केली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून बेंगालीज फिंचची तुकतुकीत, चपळ जोडी आणली आणि जागा नव्हती म्हणून गोल्डियन फिंचच्या पिंजऱ्याला लागूनच ठेवली. पाण्याची भांडीही एकाच बादलीत धुतली जात होती. पुढच्या विणीत घरट्याबाहेर आलेली गोल्डियनची पिल्ले एकामागून एक वाळत गेली, त्यांच्या विष्ठेत अख्खे दाणे दिसत होते, आणि मी आठ दिवस कोंबड्यांसाठी मिळणारे अँटिबायोटिक पाजत राहिलो. सहा पिल्ले गेल्यावर ताजी विष्ठा घेऊन पशुवैद्यांकडे पोहोचलो. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्लोसोमा नावाचे शेपटीवाले एकपेशीय जीव वळवळताना दिसले. बेंगालीज फिंच या परजीवीची वाहक असते. स्वतः ठणठणीत राहते आणि गोल्डियनच्या कोवळ्या पिल्लांना तो देते. ज्या औषधाने जिवाणू मरतात त्याचा या जीवावर काही परिणाम होत नव्हता, त्यामुळे माझे आठ दिवस आणि ती पिल्ले दोन्ही फुकट गेली. हे जीव विष्ठा थंड होऊन सुकली की दिसेनासे होतात, म्हणून नमुना काही मिनिटांत काचेखाली जायला हवा. शक्यतो पक्षीच पिंजऱ्यासकट न्यावा.

औषध बरोबर असले तरी ते पाण्यातून देण्यात अडचणी आहेत. आजारी पक्षी पाणी कमी पितो, चव बदलली तर आणखी कमी पितो, आणि झेब्रा फिंच तर मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातली असल्याने पाण्यावाचून बराच काळ काढू शकते. म्हणजे ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच पोटात ते सर्वांत कमी जाते. डॉक्सिसायक्लिन किंवा त्याच कुळातले औषध चालू असताना पिंजऱ्यात समुद्रफेस, अंड्याची टरफले किंवा चुनखडीची कच ठेवली, तर त्यातले कॅल्शियम औषधाला बांधून टाकते आणि ते शोषलेच जात नाही. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच बंद करणे, किंवा फरक पडला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरे सुरू करणे, हे तर नेहमीचेच. मात्रा वजनावरून पशुवैद्यांनीच ठरवावी. 12 ग्रॅमच्या जिवाला ‘चिमूटभर’ हे माप नव्हे.

श्वासाच्या त्रासाला सर्दी समजणे

कॅनरीचे गाणे अचानक बंद झाले, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली, चोच उघडी पडू लागली, की आपण त्याला सर्दी म्हणतो. कॅनरी आणि गोल्डियनमध्ये याचे कारण अनेकदा श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहणारे बारीक कोळीवर्गीय माइट असतात. रात्री दिवे मालवल्यावर पिंजऱ्याजवळ शांत उभे राहावे. घड्याळाच्या टिकटिकीसारखा बारीक आवाज प्रत्येक श्वासाबरोबर येत असेल तर संशय बळावतो. पशुवैद्य मानेवरची पिसे ओली करून मागून प्रखर प्रकाश टाकतात, तेव्हा पातळ त्वचेतून श्वासनलिका दिसते आणि तिच्यात मोहरीहूनही लहान काळे ठिपके कधीकधी हलताना दिसतात. यावर आयव्हरमेक्टिनसारखे औषध मानेच्या त्वचेवर थेंबभर सोडले जाते. मात्र गुरांसाठीचे एक टक्क्याचे इंजेक्शन बाटलीतून तसेच वापरल्याने पक्षी दगावू शकतो, आणि श्वासनलिकेत माइट फार झाले असतील तर मेलेल्या माइटांनीच ती तुंबते. त्यामुळे हे घरगुती प्रयोगाचे काम नाही.

डासांवर कॉइल आणि हवेवर धूप

कॅनरी पॉक्स, म्हणजे कॅनरींची देवी, हा विषाणुजन्य रोग मुख्यतः डासांमार्फत पसरतो. पापण्यांवर, चोचीच्या कडेला आणि पायांवर पुटकुळ्या येतात, त्यांच्या खपल्या धरतात. फुप्फुसात उतरला तर पुटकुळी न दिसताच पक्षी धापा टाकत मरतो. रोगावर थेट औषध नाही. उपचार फक्त ऊब, आधार आणि डोळ्यांच्या जखमांत होणारा जिवाणूंचा शिरकाव रोखणे एवढाच. तेव्हा लढाई डासांशी आहे, आणि ती बारीक मच्छरदाणीच्या जाळीने लढावी. संध्याकाळ व्हायच्या आत पिंजऱ्यावर जाळी पडली पाहिजे, कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचता कामा नये. याऐवजी पिंजऱ्याखाली कॉइल लावणे, ‘हवा शुद्ध व्हावी’ म्हणून धूप, लोबान किंवा कापूर जाळणे, हे पक्ष्यांसाठी विषासमान आहे. पक्ष्याच्या शरीरात हवा फुप्फुसांखेरीज अनेक हवापिशव्यांतून फिरते आणि धुरातले घटक आपल्यापेक्षा फार वेगाने रक्तात उतरतात. इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी नेत, ती याच कारणाने.

न धुताच जंतुनाशक ओतणे

वाळलेल्या विष्ठेवर ब्लीच ओतले तर ते त्या घाणीतच खर्ची पडते. आधी गरम पाणी आणि साबणाने घासून सर्व काढावे, मग पातळ केलेले ब्लीच दहा मिनिटे ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि उन्हात खडखडीत वाळवावे. हे सगळे पक्षी दुसऱ्या खोलीत असताना करावे. फिनेलचा उग्र वास पक्ष्यांना सोसत नाही, आणि ब्लीचमध्ये ॲसिड मिसळणे तर माणसालाही घातक आहे.

कॉक्सिडिया वर्गाच्या परजीवींची अंडी ब्लीचला दाद देत नाहीत. दोन ते नऊ महिन्यांच्या कॅनरींना वाळवून मारणारा ॲटोक्सोप्लाझ्मा याच गटातला. पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला केली की सुजलेले यकृत त्वचेखाली काळसर दिसते, त्याचे हेही एक कारण असू शकते. अशी अंडी विष्ठेतून पडल्याबरोबर संसर्ग करत नाहीत. त्यांना आधी ओलाव्यात पक्व व्हावे लागते, म्हणून ट्रेमधला कागद रोज बदलणे आणि तळ कोरडा राखणे हे कुठल्याही जंतुनाशकापेक्षा कामाचे ठरते. भांड्यांवर उकळते पाणी ओतावे. लाकडी दांड्या आणि घरट्यांची मडकी सच्छिद्र असतात. ती टाकून नवी घेण्यात काटकसर करू नये.

मेलेला पक्षी फेकून देणे

मेलेला पक्षी कळपातल्या उरलेल्यांसाठी सर्वांत मोलाचा पुरावा असतो, आणि आपण तो कुंडीत पुरतो. साबणाच्या पाण्यात ओला करून, कागदात गुंडाळून, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बंद करून, अन्नापासून वेगळा असा फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रीझरमध्ये गोठवला तर ऊतींचा नाश होऊन तपासणी अवघड होते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालये यांच्याकडे शवविच्छेदनाची आधी चौकशी करून चोवीस तासांच्या आत नेण्याचा प्रयत्न करावा.

एक अपवाद मात्र आहे. लक्षणे फारशी न दिसता बरेच पक्षी एकदम मेले, किंवा परिसरात कोंबड्या, कावळे मरत असतील, तर मेलेले पक्षी उघडत, हाताळत बसू नये आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांच्या मरतुकीमागे बर्ड फ्लू निघाला होता, आणि हा रोग कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

साथ ओसरल्यावर रिकामा पिंजरा डोळ्यांना खुपतो आणि आठवड्यातच नवी जोडी घरात येते. शेवटचा आजारी पक्षी बरा होऊन किमान 30 दिवस जाईपर्यंत थांबावे, आणि त्यानंतर आणलेली जोडीही आणखी 30 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर ठेवून तिची विष्ठा एकदा तपासून घ्यावी. बाजारात कोणी लाल मुनिया स्वस्तात देऊ केली तर ती घेऊच नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पाळणे गुन्हा आहे, शिवाय जाळ्यात पकडून कोंबून आणलेला रानपक्षी कोणते परजीवी बरोबर घेऊन येईल ते तपासायलाही बहुधा वेळ मिळत नाही.