एव्हरग्लेड्स एका दिवसात : आधी बोर्डवॉक, मग बोट

मायामीला जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या लेखी फ्लॉरिडातलं एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान म्हणजे एअरबोट. पंख्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात गवतावरून सुसाट जायचं, फोटो काढायचा, परत. हौस असेल तर तेही करा. पण हाताशी एकच दिवस असेल तर माझं ऐका आणि गाडी होमस्टेडच्या प्रवेशद्वाराकडे वळवा. तिथून फ्लमिंगो नावाच्या ठिकाणापर्यंतचा ३८ मैलांचा रस्ता गोड्या पाण्याच्या पाणथळीतून निघतो आणि खाऱ्या पाण्यापाशी संपतो. वाटेत ठिकठिकाणी उतरून थोडं चालायचं, शेवटी बोटीत बसायचं.

जायचं ते डिसेंबर ते एप्रिल या काळात. इथला पावसाळा साधारण मे ते नोव्हेंबर. तेव्हा पाणी सगळीकडे पसरतं, प्राणी पांगतात आणि डास जीव खातात. कोरड्या महिन्यांत पाणी ओसरत जातं, मासे उरलेल्या खोल जागी गोळा होतात आणि त्यांच्यामागे पक्षी नि मगरीच्या जातीचे अ‍ॅलिगेटर येतातच.

आदल्या दिवशी

फ्लमिंगोच्या बोटीचं दुपारचं तिकीट काढून ठेवा, हिवाळ्यात जागा भरतात. प्रवेशद्वारावर रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं. २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या १६ वर्षं आणि त्यावरील पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. आईबाबा टूरिस्ट व्हिसावर आले असतील तर आधी हिशेब करा. उद्यानाच्या वेबसाइटवर कुठला बोर्डवॉक (पाणथळीवरून जाणारी फळ्यांची पायवाट) दुरुस्तीसाठी बंद आहे तेही बघून ठेवा. पेट्रोल, पाणी, डबा सगळं होमस्टेडलाच. ‘रॉबर्ट इज हिअर’ हे फळांचं दुकान वाटेवरच आहे. हंगाम असेल तर चिकू-फणसही मिळतात.

सकाळी आठला : रॉयल पाम

गाडी लावली की आधी काच आणि वायपर ताडपत्रीने झाका. इथल्या गिधाडांना गाडीचं रबर कुरतडायचा नाद आहे, म्हणून ताडपत्र्या उद्यानानेच ठेवल्या आहेत. गंमत वाटेल, पण टाळाटाळ करू नका.

अनहिंगा ट्रेल जाऊन-येऊन जेमतेम सव्वा किलोमीटर. व्हीलचेअरही जाते. तरी इथे तासभर द्याच. कठड्यापाशी उभं राहून खाली बघा : फुटलेल्या टायरच्या तुकड्यासारखं जे दिसतं, तो अ‍ॅलिगेटर. हलत नाही म्हणून खोटा समजू नका आणि १५ फुटांच्या आत जाऊ नका. खायला घालणं तर गुन्हाच आहे. अनहिंगा हा पक्षी आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊबंद. पाण्यात मासा चोचीने भोसकतो, वर येऊन हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. मग पंख पसरून वाळत बसतो, तेव्हा फोटो काढून घ्या.

पुढचे थांबे

थोडं पुढे ‘रॉक रीफ पास, उंची ३ फूट’ अशी पाटी लागते. कसारा-खंडाळा पाहिलेल्या माणसाला खिंडीची ही उंची वाचून हसू येणारच. पण इथे काही इंचांच्या चढउतारावर गवत उगवणार की झाड, हे ठरतं. पा-हे-ओकीच्या छोट्या बोर्डवॉकवरून ते नीट दिसतं : नजर पोहोचेल तिथवर गवत आणि मधेच खुरटे सायप्रस. हिवाळ्यात ते निष्पर्ण असतात, मेलेले नसतात. महोगनी हॅमकला किंचित उंचवट्यावर दाट सावलीचं रान आहे. वेळ कमी असेल तर दोन्हींपैकी एक पुरे.

वेस्ट लेक मात्र चुकवू नका. इथला बोर्डवॉक थेट खारफुटीत शिरतो. कमानीसारखी मुळं टाकलेली तांबडी खारफुटी आपल्या कांदळाच्या कुळातली, तर चिखलातून मुळांचे खुंट वर काढणारी काळी खारफुटी तिवराच्या. कोकणातल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही.

दुपारी : फ्लमिंगो

इथून दोन वेगवेगळ्या फेऱ्या निघतात, कारण कालवा आणि खाडी यांच्यामध्ये बांध घातलेला आहे. एक बोट बटनवुड कालव्यातून आत व्हाइटवॉटर बेकडे जाते, दुसरी फ्लॉरिडा बेवर. ओहोटीची वेळ जमत असेल तर दुसरी घ्या, उघड्या पडलेल्या चिखलावर पक्ष्यांची झुंबड असते. नाहीतर पहिली; लहान मुलं बरोबर असतील तरीही पहिलीच, कारण काठावर मगरी दिसायची शक्यता जास्त. मगर आणि अ‍ॅलिगेटर दोन्ही एकत्र नांदतात ते दक्षिण फ्लॉरिडातच. ओळख सोपी : अ‍ॅलिगेटर काळपट, रुंद तोंडाचा, मगर करडी, निमुळत्या तोंडाची आणि तोंड मिटलं तरी खालचा दात बाहेर दिसणारी.

नावावर जाऊन फ्लमिंगो शोधू नका, ते क्वचितच दिसतात. त्या बाबतीत ठाण्याची खाडी कितीतरी उजवी. गुलाबी काही दिसलंच तर चोच बघा, चपटी असेल तर तो गुलाबी चमचा (स्पूनबिल) पक्षी. बोट सुटेपर्यंत धक्क्यावर पाण्याकडे लक्ष ठेवा. मॅनटी म्हणजे समुद्रगाय श्वास घ्यायला वर येते तेव्हा बऱ्याचदा नाकपुड्याच दिसतात.

सूर्य कलला की डास निघतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि क्रीम आधीच चढवा. परतीच्या रस्त्यावर दिवे नाहीत, मोबाइलला रेंजही भरवशाची नाही. गाडी सावकाश हाका. दुसरा दिवस मिळाला तर होमस्टेडहून बिस्केन नॅशनल पार्कची बोट पकडा. त्या उद्यानाचा ९५ टक्के भाग पाण्यातच आहे आणि प्रवेश फी नाही, फक्त बोटीचे पैसे पडतात.