कुत्रा पाळताना या चुका टाळा. झाल्या असतील तर अशा निस्तरा

"लॅब्रॅडॉर शांत असतो म्हणून आणला, त्यानं सोफा फाडला." "बीगल दिवसभर भुंकतो, सोसायटीची नोटीस आली." "पाच महिन्यांचं झालं तरी घरातच शू करतं." कुत्रा पाळणारे चारजण जमले की या तक्रारी निघतातच. माझं ठाम मत असं की यातल्या बहुतेकांचं मूळ घराच्या वेळापत्रकात सापडतं. सकाळी त्याला कोण नेणार, दुपारी घरात कोण असणार, सगळे गावी गेले तर काय, याची उत्तरं पिल्लू आणण्याआधी ठरली नसली की पुढचं सगळं खापर कुत्र्याच्या स्वभावावर फुटतं.

फोटो बघून जात निवडणं

2003 साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो छोटा पग आला आणि घरोघरी पगची मागणी सुरू झाली. पग गोड असतो, माणसांना चिकटून राहतो, हे खरंच. पण त्याचं नाक चपटं, श्वासाचा मार्ग अरुंद. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवतो आणि पगला नेमकं तेच नीट जमत नाही. शिट्झू आणि फ्रेंच बुलडॉगचंही तसंच. विदर्भात किंवा मराठवाड्यात राहत असाल आणि घरात कूलरही नसेल, तर ही जात घेऊच नका. हस्की हा तर सैबेरियात बर्फावर गाड्या ओढणारा कुत्रा. तो एसीत जगतो, पण त्याचं रोजचं पळणं एसीच्या खोलीत होत नाही आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर नेता येत नाही. मग तो घर कुरतडतो.

बीगल कळपानं सशाचा माग काढण्यासाठी घडवलेला. त्याला एकटं ठेवलं की तो भुंकणार, मोकळं सोडलं की वासामागे निघून जाणार. जर्मन शेफर्डला काम लागतं. लॅब्रॅडॉर माणसाळलेला खरा, पण दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत त्याच्या अंगात प्रचंड मस्ती असते, आणि 'शांत' हे वर्णन ऐकून तो घेणारे नेमके तिथेच फसतात.

लातूर-नांदेडकडे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला कारवानी किंवा सीमेपलीकडचा, कर्नाटकातला मुधोळ, हे आपल्या हवेतले, काटक कुत्रे. पण ते शिकारी, धावणारे. त्यांना फ्लॅटपेक्षा वाडी-शेत बरं. फ्लॅटसाठी विचाराल तर गल्लीतल्या देशी कुत्रीचं पिल्लू मी सगळ्यात आधी सुचवीन. आखूड केस, आपल्या उन्हाची सवय, आणि ठरावीक रूपासाठी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात पैदास झाल्यामुळे येणारे आजार कमी.

महिन्याभराचं पिल्लू घेणं

तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू हातात मावतं, म्हणून ते पटकन विकलं जातं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं; जोरात चावलं की भावंड किंचाळतं, खेळ थांबतो. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे तुमच्या हातावर तो गिरवतं.

विकणाऱ्याकडे जाल तेव्हा पिल्लाची आई दाखवायला सांगा. "आई फार्मवर आहे" असं उत्तर आलं तर परत फिरा. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, तब्येतीची हमी देत नाहीत. लॅब किंवा शेफर्ड असेल तर आई-बापाला खुब्याचा आजार नाही ना, हे दाखवणाऱ्या एक्स-रेबद्दल विचारा.

शू केल्यावर नाक घासणं

ही चूक आजही सर्रास होते. पिल्लानं हॉलमध्ये शू केली, तुम्ही दहा मिनिटांनी पाहिली, मान धरून नाक तिथं घासलं. पिल्लाला त्या दहा मिनिटांचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली, पडद्यामागे जाऊन करायला लागतं आणि बाहेर नेल्यावर तुमच्या देखत करतच नाही.

उपाय कंटाळवाणा आहे पण हमखास. पिल्लाला शू लागण्याच्या वेळा ठरलेल्या असतात: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, आणि खेळ रंगात असताना मध्येच. गोल गोल हुंगत फिरायला लागलं की उचला आणि ठरलेल्या जागी न्या, रोज त्याच जागी. तिथं उभं राहा, बोलू नका, मोबाइल बघत इकडे तिकडे फिरू नका. शू झाली की त्याच क्षणी खाऊ, तिथंच. घरात आल्यावर दिलेला खाऊ हा घरात आल्याबद्दलचा ठरतो. तीन महिन्यांचं पिल्लू जागेपणी तीन-चार तासांपलीकडे कळ काढू शकत नाही, त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घर बंद असेल तर शू घरात होणारच, त्यात त्याचा दोष नाही. दुपारी कुणीतरी येण्याची सोय करा, नाहीतर बाल्कनीत एक कोपरा ठरवून द्या.

फिनाईलनं पुसून माणसाच्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो. शिवाय फिनाईल पंजाला लागतं आणि ते पंजा चाटतात. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. आणि शिकलेल्या, मोठ्या कुत्र्यानं अचानक घरात शू सुरू केली तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवून आधी लघवी तपासून घ्या.

गुरगुरल्यावर मारणं

दात येण्याच्या काळात, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, पिल्लू जे मिळेल ते चावतं. हात ओढून घेऊन ओरडलात तर त्याला तो खेळच वाटतो. हात सैल सोडा, उठून दुसऱ्या खोलीत जा, अर्ध्या मिनिटानं परत या आणि चावायला त्याची वस्तू द्या.

गुरगुरणं मात्र वेगळं. ताटलीजवळ मूल गेलं आणि कुत्रा गुरगुरला, तर तो "लांब राहा" असं सांगतोय. त्यासाठी मार बसला की तो सांगणं बंद करतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. मुलाला लांब करा, कुत्र्याला एकट्यानं खाऊ द्या, आणि जाता-येता ताटलीत लांबूनच चिकनचा तुकडा टाकत राहा, म्हणजे माणूस जवळ येणं त्याला फायद्याचं वाटू लागेल. आठवड्याभरात फरक नसेल तर जाणकार ट्रेनर गाठा. पण काटेरी पट्टा किंवा शॉक कॉलर काढणारा नको.

दूध-चपाती आणि उरलेला रस्सा

दूध-चपातीवर कुत्रा जगतो, पण त्यात प्रथिनं कमी पडतात आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. सतत पातळ शी होते ती यामुळेही असू शकते. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, भात, भोपळा, दही हे चालतं. पण रोजचं जेवण घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियमसकट प्रमाण व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून, ठरवून घ्या.

कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवले तरीही. त्यामुळे रस्सा, मिसळीचा कट, बिर्याणीचा मसाला नको. मनुका-बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणून शिऱ्याचा प्रसाद आणि दिवाळीतला सुकामेवा वरच्या फळीवर ठेवा. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगम हेही विषच. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या टोकदार चिरफळ्या होतात. तापावर पॅरासिटामॉल किंवा दुखण्यावर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं कधीही देऊ नका. यातलं काही खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता व्हेटला फोन करा. पहिले एक-दोन तास मोलाचे असतात.

आणि प्रेमानं जास्त खाऊ घालणं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलेले लॅब्रॅडॉर सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हातानं त्या लागल्या पाहिजेत. दाबावं लागत असेल तर वजन वाढलंय.

गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर शोधणं

पावसाळा आणि त्यानंतरचे महिने आपल्याकडे गोचिडतापाचे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या फटीत किंवा स्कर्टिंगमागे जाते आणि हजारांनी अंडी घालते. म्हणून दर रविवारी आंघोळ घालून आणि अंगावरच्या गोचिड्या वेचूनही पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा दिसतात.

कानाच्या आतली घडी, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, शेपटीचं मूळ, या जागा रोज बोटांनी चाचपा. सापडली की चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. पिळायची नाही, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही, रॉकेल लावायचं नाही, नखावर चिरडायची तर मुळीच नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाका. व्हेटकडून वजनाप्रमाणे महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी सुरू करा आणि ती एका महिन्यात बंद करू नका. सोबत गादी-चादरी गरम पाण्यात धुवा, फटी व्हॅक्युम करा. गुरांवर मारायचं औषध अंदाजानं पातळ करून फासणं जिवावर बेततं. घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनवालं औषध घरात आणूच नका.

ताप, खाणं सोडणं, मलूलपणा, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं तर ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासा; प्लेटलेट किती खाली गेल्यात ते डोळ्यांना दिसत नाही.

"घरातच असतो, लस कशाला?"

पार्वोचा (पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा) विषाणू तुमच्या चपलेच्या तळाला चिकटून घरात येतो आणि वातावरणात कित्येक महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारे डोस, सोळा आठवड्यांपर्यंतच्या बूस्टरसह, पुरे करा. लेप्टोची लस मुंबई-कोकणात तरी टाळू नये, कारण उंदरांच्या लघवीनं दूषित झालेलं पाणी पावसात सगळीकडे असतं आणि तो आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग व्हेट सांगेल तशी नियमित. कुणालाही कुत्रा चावला, अगदी घरचा लस घेतलेला असला तरी, जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा. हळद-चुना लावत बसू नका.

ऊन आणि फटाके

डांबरावर हाताचा पालथा पंजा काही सेकंद टेकवून बघा. भाजत असेल तर फिरणं रद्द. हस्की किंवा गोल्डन रिट्रीव्हरचे केस उन्हाळ्यात वस्तऱ्यानं उतरवू नका, ते दुपदरी केस उन्हापासून वाचवतातही; रोज विंचरून मोकळे करा. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, झोकांड्या अशी चिन्हं दिसली तर सावलीत आणा, अंगभर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. पाणी ओतायच्या आधी गाडीची किल्ली शोधत बसू नका.

दिवाळीत कुत्रे घाबरून पळतात आणि हरवतात. त्या दिवसांत संध्याकाळचं फिरणं फटाक्यांच्या आधी उरका, गळपट्ट्यावर फोन नंबर असू द्या. दरवर्षी थरथर कापत असेल तर आठवडाभर आधी व्हेटशी औषधाबद्दल बोला.

शेजाऱ्यांना गृहीत धरणं

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. पण घाबरणाऱ्या आजींचाही लिफ्टवर तेवढाच हक्क आहे. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, कुणी नको म्हटलं तर पुढच्या फेरीला जा, शी उचला, महापालिकेचा परवाना काढा. भुंकण्याची तक्रार आली तर फोनवर रेकॉर्डिंग लावून घर सोडा. तुम्ही गेल्यावर लगेच सुरू होऊन तासभर चालणारं भुंकणं एकटेपणाच्या भीतीचं असतं, आणि ते मिनिटामिनिटानं वेळ वाढवत सवय लावूनच सुटतं. जिन्यातल्या पावलांवर भुंकत असेल तर बहुधा त्याची जागा दारापासून हलवून काम भागतं.

शेवटी जमलंच नाही तर

बदली होते, आजारपण येतं. अशा वेळी गाडीत घालून हायवेला किंवा दुसऱ्या गावात सोडून येणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि घरात वाढलेला कुत्रा तिथं फार दिवस तगत नाही. नवं घर शोधताना त्याच्या खोडी लपवू नका. लपवलेली खोड महिन्याभरात उघडी पडते आणि कुत्रा पुन्हा रस्त्यावर येतो. समोरच्यांच्या घरी स्वतः जाऊन बघा, आठवडाभर तिथं ठेवून पाहा, नसबंदी करून द्या. लसीचं कार्ड, नेहमीचं खाणं आणि तुमच्या वासाची जुनी चादर सोबत पाठवा, आणि पहिल्या महिन्यात त्यांचा फोन कधीही आला तरी उचला.