आपल्या खुर्चीचा पंचनामा कसा करावा

पणजीत पाटोवरच्या एका कार्यालयात मी नऊ वर्षं दर शुक्रवारी एक अहवाल बनवत आले. 17 रकाने, तीन रंग, खाली सही. एका चवथीला रजा जरा लांबली आणि दोन शुक्रवार बुडाले. ते आठवलं फक्त मला.

आपलं काम कोणाच्याच उपयोगाचं नाही, असा संशय तुम्हालाही असेल तर आधी एक शाळकरी वही घ्या. कॉम्प्युटरवर लिहू नका, तिथेही रकाने रंगवत बसाल. दोन आठवडे प्रत्येक कामापुढे लिहा: कोणी मागितलं, कोणी वापरलं, केलं नसतं तर कोणाचं अडलं असतं. शेवटचं उत्तर ‘साहेबांचं’ असेल तर साहेबांच्या पुढे कोण, तेही लिहा. आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, आला नाही तर साडेसातला बायका दारात येऊन उभ्या राहतात. दिवाडीची फेरीबोट बंद पडली तर धक्क्यावर आरडाओरडा होतो. तुमच्या कामाच्या शेवटी असं कोणी उभं आहे का, ते शोधायचं.

कंटाळवाणं काम आणि बिनकामाचं काम यांची गल्लत करू नका. डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञाने 2013 मध्ये या विषयाला तोंड फोडलं, तेव्हा त्याचा रोख कचरा उचलणाऱ्यांवर नव्हता. त्यांचा पगार तुटपुंजा, पण ते थांबले तर गाव नाक धरेल. रोख होता तो जी नोकरी करणाऱ्यालाच तिचं समर्थन करता येत नाही तिच्यावर. काहीतरी होतंय असं नुसतं दाखवणाऱ्या कामांचा त्याने वेगळा वर्गच केला होता. माझा शुक्रवार त्यातला.

वहीचा आग्रह एवढ्यासाठी की नुसत्या मनाला विचारलं तर ते काहीही सांगतं. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या एका पाहणीत 37 टक्के नोकरदार म्हणाले, आमच्या कामाने जगात काही अर्थपूर्ण भर पडत नाही. त्याच वर्षी युरोपभरच्या पाहणीत, आपण क्वचितच उपयोगी काम करतो किंवा कधीच करत नाही, असं म्हणणारे जेमतेम 5 टक्के निघाले. प्रश्न बदलला, उत्तर बदललं. सोमवारी सकाळी मला विचाराल तर मी 37 मध्ये.

मग सगळ्यात किरकोळ कागद एकदा पाठवू नका आणि गप्प राहा. पगारपत्रक, जीएसटी, सुरक्षेची तपासणी यांवर मात्र हा प्रयोग चुकूनही नको.

कोणीच हाक मारली नाही, तरी साहेबांकडे जाऊन ‘हे निरुपयोगी आहे’ म्हणू नका. ते आधी तुमच्याकडे बघतील. कागद ज्याला जातो त्याला विचारा, ‘यातले कुठले रकाने तुम्ही बघता?’ मी विचारलं. ते गृहस्थ मडगावला बदलून गेले होते, चार वर्षांपूर्वी.

आता अहवाल महिन्यातून एकदा जातो, चार रकान्यांचा. शुक्रवारी दुपारी मी तक्रारींचा फोन घेते. पहिल्याच दिवशी एका आजींनी मला पंधरा मिनिटं झापलं.