गोव्यात सर्फिंगला यायचंय? आधी महिना नीट ठरवा

दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की पुण्याकडच्या आणि कोल्हापूरच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात, अरे थर्टी फर्स्टला येतोय, यंदा सर्फिंग करायचंच, बोर्ड बघून ठेव. मी पेडणे तालुक्यातला, आश्वे-मांद्रेच्या पाण्यात इतकी वर्षं काढलीत, आणि दरवर्षी मी तेच सांगतो की गोवा बघायला डिसेंबरात जरूर या, थंडी गोड असते, मासळी भरपूर असते, पण सुट्टी खास सर्फिंगसाठी खर्च करणार असाल तर तो आठवडा सोडा. मागे माझा मामेभाऊ ऐकलाच नाही, चार दिवस आला, रोज बोर्ड भाड्याने घेतला आणि चारही दिवस समुद्र तळ्यासारखा. नडगीपर्यंत लाट यायची, बोर्डाला जरा ढकलायची आणि त्याने हात टेकून उठायच्या आत विरून जायची. चौथ्या दिवशी म्हणाला, दादा मला हे जमणारं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण पोराचा बॅलन्स चांगला होता, त्याला उभं राहायला पुरेल अशी लाटच मिळाली नव्हती.

म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडे पाणी कोमट आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. जानेवारीत सगळ्यात गार म्हणावं तेव्हाही पाणी २७ डिग्रीच्या आसपास असतं आणि मे महिन्यात ३० च्या घरात जातं, वेटसूट लागत नाही, एक पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, बास झाला आणि तोही थंडीसाठी नाही, तर उन्हासाठी आणि बोर्डावर छाती-पोट सोलून निघू नये म्हणून. त्यामुळे महिना ठरवताना बघायचं ते स्वेल किती आहे, वारा कुठून येतोय आणि समुद्राला ओढ किती आहे.

स्वेल म्हणजे लांबून चालत आलेली लाट. आपल्या किनाऱ्यावर ती तीन ठिकाणांहून येते. पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वारा इथेच घोंघावत असतो, त्याच्या लाटा मोठ्या पण विस्कटलेल्या, एकीवर एक आदळणाऱ्या. एप्रिल-मेमध्ये पार दक्षिणेच्या महासागरात वादळं होतात, तिथून हजारो किलोमीटर चालत आलेली लाट आपल्याकडे पोचते तेव्हा तिच्यातला गोंधळ सगळा गळून गेलेला असतो, दोन लाटांमध्ये १४-१५ सेकंदांचं अंतर असतं आणि ती सरळ रांगेत येते. तिसरी हिवाळ्यात, इराणच्या आखाताकडे शमाल नावाचा वारा सुटतो, त्याची लाट वायव्येकडून येते, पण ती एक-दोन दिवस येऊन जाते आणि तिचा काही भरवसा नाही. हिवाळ्यात कुणी म्हणालं की आम्हाला जानेवारीत मस्त लाटा मिळाल्या, तर तो खोटं बोलत नसतो, त्याला शमाल सापडलेला असतो. पण त्याच्या जिवावर तिकीट काढू नका.

आता वारा. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेत ना सगळ्यांनी, तेच इथे कामाला येतात. रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो येणाऱ्या लाटेच्या तोंडावर लागतो आणि लाट उभी धरून ठेवतो, ती हळू आणि नीट फुटते. दहा-अकरा वाजले की जमीन तापते, खारा वारा सुरू होतो आणि तासाभरात सगळं पाणी चुरगळून टाकतो. मे महिन्यात आश्वेला सकाळी सहाला उभं राहून बघा, सुरूच्या झाडांचं पान हलत नाही, पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत, आणि लांबवर एक काळी रेघ उठते, ती जवळ येते, फुगते, कमरेएवढी होते आणि उजवीकडून फुटत फुटत जाते. तीच जागा दुपारी बाराला बघितलीत तर हाच तो समुद्र यावर विश्वास बसणार नाही. म्हणून कुठल्याही महिन्यात या, सर्फिंग सकाळी साडेनऊच्या आत उरकायचं. रात्री दोनपर्यंत जागून सर्फिंग होत नाही, हे मित्रांच्या ग्रुपला आधीच सांगून ठेवा.

मग चांगले महिने कुठले? माझ्या मते दोनच खिडक्या आहेत आणि आपल्या नशिबाने दोन्ही शाळेच्या सुट्टीत पडतात.

एक उन्हाळ्याची, साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या वीस तारखेपर्यंत. दोन-तीन फुटांच्या लाटा बऱ्याचदा असतात, कधी चार. ज्यांनी आधी एकदा-दोनदा केलंय, फेसात उभं राहता येतं आणि आता न फुटलेली लाट पकडायला शिकायचंय त्यांच्यासाठी याहून चांगला काळ नाही, आणि एकदम नवख्यालाही त्यात मजा येते कारण आत न जाता किनाऱ्याजवळच्या फेसाच्या लाटाच दमदार असतात, बोर्ड नुसता पळतो. उकाडा प्रचंड, हे मान्य, पण तुम्ही पाण्यात असता. सकाळची वेळ मात्र छोटी असते, उजाडतं सहाला आणि कधीकधी नऊलाच वारा फिरतो. ऊन जपून घ्या, नाकावर आणि कानांवर झिंकची क्रीम जाडसर फासा, बोर्डाचं वॅक्स गरम पाण्यासाठीचं म्हणजे ट्रॉपिकल असंच मागा, नाहीतर ते वितळून पाय घसरतो. वीस तारखेनंतर मी कुणाला बोलावत नाही, मान्सूनपूर्व वारे सुटतात, मे महिना चक्रीवादळांचाही असतो, २०२१ साली तौक्ते १६ मेच्या सुमारास गोव्याच्या जवळून गेलं तेव्हा झाडं आणि विजेचे खांब किती पडले ते आम्ही बघितलंय. त्यात मे अखेरीला शॅक काढून टाकतात, मग किनारा सुनसान होतो.

दुसरी खिडकी दिवाळीची, आणि खरं सांगायचं तर माझी आवडती हीच. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतो आणि तिचे लांबट उंचवटे पाण्याखाली तयार होतात, ऑक्टोबरात स्वेल अजून शिल्लक असतो, वारा शांत झालेला असतो आणि लाट त्या उंचवट्यांवर चढून सुंदर फुटते. जसजसे महिने जातात तशी ती वाळू परत किनाऱ्यावर येते आणि आकार मोडतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नद्यांचं गढूळ पाणी असतं, मधूनच पाऊसही येतो, पंधरा तारखेनंतर पाणी निवळतं, डोंगर हिरवे असतात, गर्दी नसते. फक्त एक लक्षात ठेवा, दिवाळी दरवर्षी पुढेमागे होते. अधिक महिना आलेल्या वर्षी ती नोव्हेंबरात ढकलली जाते आणि तोवर लाट उतरायला लागलेली असते, तेव्हा नवखे खुशाल या पण ज्यांना जोर हवाय त्यांनी सुट्टी दिवाळीच्या आधी काढावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेलीफिशही येतात कधीकधी. डंख झाला तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि थेट जीवरक्षकाकडे जायचं.

दिवाळी मला आवडते त्याचं अजून एक कारण आहे आणि ते भरती-ओहोटीचं. माझे आजोबा होडीवर जायचे, त्यांनी लहानपणी शिकवलेला हिशोब मी अजून वापरतो: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण सुट्टी ठरवायला पुरतं, आणि भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. आता बघा, भाऊबीज म्हणजे द्वितीया, भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला, म्हणजे तुम्ही सातला पाण्यात उतरता तेव्हा आश्वे-मांद्रेला लांबपर्यंत कमरेइतकं पाणी आणि ते हळूहळू वाढत जाणारं. शिकणाऱ्याला याहून सोपी जागा नाही. अक्षय्य तृतीयेच्या आसपास उन्हाळ्यात पुन्हा तेच गणित. उलट अष्टमीच्या आसपास सकाळी पाणी भरलेलं असतं आणि लाटा आत न फुटता थेट किनाऱ्याच्या उतारावर येऊन आपटतात, नवख्याला तिथे बोर्ड सांभाळणं अवघड जातं. म्हणून शिकायला येणार असाल तर अमावस्येपासून किंवा पौर्णिमेपासून पुढचे चार-पाच दिवस धरा, कालनिर्णय भिंतीवर असतंच. एवढं मात्र आहे की हे उधाणाचे दिवस, पाणी जास्त हलतं, ओढही जास्त असते, त्यामुळे नदीच्या मुखापासून लांब राहायचं. मोरजीला शापोरा नदी मिळते तिथे आणि केरीला तेरेखोलच्या तोंडावर ओहोटीला पाणी कसं बाहेर काढतं ते मी स्वतः एका सप्टेंबरात अनुभवलंय, वीस मिनिटं पॅडल मारूनही किनारा होता तिथेच, शेवटी आडवं जाऊन बाहेर आलो, हातात जीव नव्हता. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने भांडायचं नाही, आडवं सरकायचं आणि बोर्ड सोडायचा नाही.

बाकीचे महिने पटकन सांगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, लहान मुलं, पोहता न येणारे, पाण्याला घाबरणारे यांच्यासाठी ठीक, लाट छोटी आणि सकाळ लांब. आठ-नऊ फुटी मऊ बोर्ड घ्या म्हणजे थोड्या लाटेवरही चालतो. त्याच काळात ऑलिव्ह रिडले कासवं मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागला अंडी घालायला येतात, वनखात्याने कुंपण केलेल्या जागेवरून बोर्ड ओढत नेऊ नका आणि रात्री किनाऱ्यावर टॉर्च नाचवू नका, हे मी हात जोडून सांगतो. मार्चमध्ये समुद्राचा मूड बदलायला लागतो, कुठला आठवडा मिळेल ते नशीब, पण होळीनंतर हॉटेलं बरीच स्वस्त होतात.

जून ते ऑगस्ट मात्र अजिबात नाही. दोन-तीन मीटरच्या लाटा, दिवसभर वारा, किनाऱ्यावर लाल बावटे, ‘दृष्टी’ कंपनीचे जीवरक्षक पाण्यात उतरू देत नाहीत आणि ते बरोबरच करतात. आमचे मच्छीमारसुद्धा १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदीमुळे ट्रॉलर बांधून ठेवतात, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं समुद्रात जात नाहीत. पावसातही सर्फ करणारे थोडे लोक आहेत, पण ते रोज समुद्र बघणारे आहेत, आपण चार दिवसांच्या सुट्टीवर येऊन त्यांचं बघून उतरायचं नाही. सप्टेंबरच्या शेवटी एखादा शांत आठवडा मिळतो, तोही अनुभवी माणसासाठी आणि इथल्या शिकवणाऱ्याला विचारूनच.

तारखा पक्क्या करायच्या आधी सर्फ स्कूलला एक फोन करा आणि सरळ विचारा, या तारखांना मागच्या वर्षी लाट कशी होती, एका शिक्षकामागे किती जण असतात, सकाळी कितीला सुरू करता. दहा वाजताची बॅच देऊ म्हणाले तर दुसरीकडे विचारा. निघायच्या पाच-सहा दिवस आधी विंडी किंवा सर्फलाइन ही वारा-लाटांचा अंदाज देणारी अ‍ॅप उघडून बघा, पण नुसती उंची बघू नका, पिरियड म्हणून दोन लाटांमधल्या सेकंदांचा आकडा असतो तो बघा, तीन फूट आणि सहा सेकंद म्हणजे नुसती खळबळ, तीन फूट आणि चौदा सेकंद म्हणजे अलार्म पाचचा लावा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा आलेला असेल तर त्या दिवशी मात्र भाजी-पाव खाऊन मंगेशीला जाऊन या.

राहायचं आश्वे, मांद्रे किंवा हरमलला, म्हणजे पहाटे गाडी काढावी लागत नाही. २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झालाय तो इथून जवळ, रेल्वेने येणाऱ्यांनी पेडणे नाहीतर थिवीला उतरावं. आगोंदला जाणार असाल तर काणकोण स्टेशन.

आणि तारखा हलतच नसतील, म्हणजे ऑफिसने सुट्टी जानेवारीतच दिलीय आणि लाट तर हवीच आहे, तर खरंच श्रीलंकेत वेलिगामाला जा, तिथला सीझन नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि पाणी आपल्यासारखंच कोमट. जुलै-ऑगस्टमध्येच मोकळे असाल तर चेन्नईजवळचं कोवलम बघा, पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आपल्यासारखा पाऊस नसतो. गोव्याला मग वैशाखात या, फक्त आधी तिथी बघून फोन करा.