स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: मुंबईला निघण्याआधी ब्लॉक हातात घ्या

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पेशंटला दाखवायला निघताना आधार कार्ड, चार्जर, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे घ्या हे सांगत बसत नाही. महात्मा फुले योजनेतून उपचार करायचे असतील तर रेशन कार्ड मूळ घ्या आणि झेरॉक्सही घ्या. झालं.

आता ब्लॉक. बायॉप्सी जिथे तपासली त्या लॅबमध्ये तुमच्या पेशंटच्या तुकड्याचा पॅराफिन ब्लॉक ठेवलेला असतो. रिपोर्ट म्हणजे ब्लॉक नव्हे. स्लाइड म्हणजेही नव्हे. प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेली मेणाची छोटी वडी, आत मळकट ठिपका, कडेला नंबर: हा ब्लॉक. तो नंबर रिपोर्टवरच्या बायॉप्सी नंबराशी जुळतो का, ते काउंटरवरच बघा, घरी आल्यावर नको. आम्ही मागे जाडजूड फाइल घेऊन गेलो, आणि “ब्लॉक आणलाय?” म्हटल्यावर एकमेकांची तोंडं बघत बसलो. परत गावी जा, अर्ज द्या, लॅबचे डॉक्टर रजेवर. उपचाराचं गाडं तिथेच रुतलं. तेव्हा निघायच्या आठवडाभर आधीच लॅबला अर्ज द्या. पेशंट स्वतः जाणार नसेल तर त्याच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र जोडा. स्लाइडसुद्धा सगळ्या मागा, पण “स्लाइड देतो, ब्लॉक कशाला?” असं कुणी म्हणालं तर जागचं हलू नका.

एवढा आटापिटा का? स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा, आणि हा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींतून उठलेली गाठ, यांचे उपचार वेगळे, चालही वेगळी. गुगलवरचे घाबरवणारे आकडे बहुतेक पहिल्याचे असतात. स्टीव्ह जॉब्स यांचं निदान २००३ मधलं, मृत्यू २०११ मधला, आणि त्यांचा आजार हा दुसरा होता. म्हणून मोठ्या हॉस्पिटलातले पॅथॉलॉजिस्ट बाहेरच्या रिपोर्टवर विसंबत नाहीत. ते ब्लॉकमधून नव्या चकत्या कापून सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन (गाठ याच प्रकारची आहे का ते सांगणाऱ्या खुणा) आणि केआय-६७ (किती टक्के पेशी वाढताहेत त्याचा आकडा) बघतात. केआय-६७ तीन टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. ग्रेड ३ मध्ये पेशी कितपत बिघडल्यात तेही बघावं लागतं, कारण त्यावर केमोचा प्रकार बदलतो. हे सगळं त्या वडीतून निघतं. वडी नाही तर काहीच नाही. बारीक सुईने तपासणी झाली असेल तर ‘सेल ब्लॉक’, म्हणजे सुईतून आलेल्या पेशींची तशीच मेणाची वडी, केलाय का ते विचारा. आणि उन्हाळ्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

सीटी स्कॅनची फिल्म नको, सीडी हवी, आणि ती लागते का ते आधी लावून बघा. या गाठी बऱ्याचदा पहिल्या, म्हणजे इंजेक्शनचं औषध नुकतंच धमन्यांत पोचलेलं असतानाच्या, फेजमध्येच चमकतात, तेव्हा ती फेज घेतली होती का हेही विचारा. “पेट स्कॅन झालाय” एवढ्याने भागत नाही. साखरेचा, म्हणजे एफडीजी पेट वेगळा आणि या गाठींच्या पेशींना चिकटणाऱ्या गॅलियमच्या औषधाचा डोटा पेट वेगळा. संथ वाढणाऱ्या गाठी साखरेच्या पेटमध्ये नीट दिसतीलच असं नाही.

क्रोमोग्रॅनिन-ए ही रक्ततपासणी सांगितली असेल तर अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल चालू आहे हे आवर्जून सांगा. या गोळ्यांनी आकडा फुगतो आणि घरात उगाच रडारड होते. मात्र त्या मनाने बंद करू नका. गॅस्ट्रिनोमाचा, म्हणजे पोटातलं अॅसिड वाढवणाऱ्या गाठीचा, संशय असेल तर ते धोक्याचं आहे.

पहाटे घाम, थरथर, बरळणं आणि साखर खाल्ली की बरं वाटणं, असं होत असेल तर ग्लुकोमीटरचे आकडे वेळेसकट वहीत लिहा. इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन सोडणारी गाठ, असू शकतो. त्यासाठी दवाखान्यात ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून तपासतात. एकादशी समजून घरी करू नका. घरात कुणाला वारंवार मूतखडे, पॅराथायरॉइड किंवा पिट्युटरीची गाठ असेल तर तेही सांगा, एमईएन-१ हा अशा ग्रंथींच्या गाठी घराण्यात चालत येण्याचा आनुवंशिक प्रकार असतो.

ब्लॉक घेतलात ना? नसेल घेतला तर पुढचं वाचू नका, आधी लॅबला फोन करा.

ऑपरेशनमध्ये प्लीहा काढायची शक्यता असेल तर न्यूमोकोकस वगैरे जंतूंविरुद्धच्या लसी निदान दोन आठवडे आधी हव्यात. आपणहून विचारा. गाठ दोन सेंटिमीटरहून लहान असेल आणि हॉर्मोन सोडत नसेल तर कधीकधी नुसती नजर ठेवतात. त्यावर “डॉक्टर काहीच करत नाहीत” म्हणून भांडू नका.

गाठीचे हॉर्मोन आणि वाढ रोखणारं दर चार आठवड्यांचं ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. आईसबॉक्स घ्या, फ्रीझरमध्ये नको.

ल्युटेशियमची पीआरआरटी, म्हणजे गाठीपर्यंत पोचणारं किरणोत्सर्गी औषध शिरेतून देणं, ठरली तर साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस, सोबत मूत्रपिंडं जपायला अमिनो अॅसिडची सलाइन. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) आणि सीबीसी (रक्तपेशींची) तपासणी. महिनाभर टिकणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडनंतर चार आठवडे जायला हवेत, तारखा जुळवा. नंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका लांब, संडासात दोनदा फ्लश. किती दिवस ते तिथले लोक लिहून देतात, तो कागद फाइलला लावा.