हेइन्साला जायचं तर असं जा
दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या पश्चिम बसस्थानकावरून हेइन्सा या बौद्ध मठाची थेट बस मिळते, दीडेक तास लागतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधीच विचारून ठेवा. २०२३ पासून प्रवेशशुल्क नाही.

प्रार्थनागृहाच्या मधल्या दारातून शिरू नका, ते भिक्खूंचं. आपण बाजूच्या दाराने, बूट बाहेर काढून. मोजे जाड घाला. हिवाळ्यात ती लाकडी जमीन तळव्यांना अक्षरशः चावते!

त्रिपिटकाचे ८१ हजारांवर कोरीव छपाई-ठोकळे मी जाळीतूनच, डोळे बारीक करून पाहिले. खरी गंमत कोठाराच्या खिडक्यांत आहे: पुढच्या भिंतीत खालच्या मोठ्या, वरच्या लहान, मागे नेमकं उलट. त्यामुळे हवा खेळती राहते आणि तेराव्या शतकातलं लाकूड अजून शाबूत आहे. फोटोच्या नादात हे बघायचं राहू देऊ नका.

गयासान डोंगराचं शिखर गाठायचं असेल, तर सकाळीच निघा.