इंग्लंडमध्ये पाहुण्या संघाच्या स्टँडमध्ये बसायला जाताय? या चुका टाळा

जूनमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलचं वेळापत्रक जाहीर झालं की बडोद्यातून मला निरोप यायला लागतात. कुणाचा भाऊ लेस्टरला शिकतोय, कुणाची मुलगी लंडनला नोकरीला लागली आहे. भेटायला जायचंच आहे, तर आपल्या क्लबचा एक सामना बघून येऊ, आणि तोही परक्या मैदानावर, आपल्या माणसांच्या घोळक्यात उभं राहून. ही इच्छा मला पूर्ण मान्य आहे. लिव्हरपूलमध्ये नोकरीला होते तेव्हा मी तिथल्या एव्हर्टन क्लबच्या मागे गावोगाव फिरले आहे. आपण तीन हजार, भोवती पन्नास हजार विरोधी, आणि तरीही मैदानभर आवाज आपलाच, हा अनुभव घरच्या मैदानावर येत नाही.

पण निरोपातला पहिला प्रश्न दरवेळी तोच असतो: "ताई, पंधरा दिवसांवर आलंय, तिकीट कुठून मिळेल?" पंधरा दिवसांत मिळेल ते तिकीट बहुधा चुकीचं असतं, आणि तिथूनच सगळं बिघडायला लागतं.

मिळेल त्या स्टँडचं तिकीट घेणं

आपली सवय क्रिकेटची. अहमदाबादला मोटेऱ्याच्या स्टेडियममध्ये निळा शर्ट आणि पिवळा शर्ट शेजारी शेजारी बसतात. २०२५ मध्ये आपल्या बडोद्याजवळच्या कोटंबीला महिला प्रीमियर लीगचे सामने झाले, तिथेही कोण कुणाच्या बाजूचं हे विचारून कुणी खुर्ची दिली नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, तिकीट म्हणजे तिकीट, कुठलीही जागा चालेल.

इंग्लंडमधल्या फुटबॉलमध्ये असं चालत नाही. पाहुण्या संघाच्या समर्थकांचा भाग वेगळा. त्याचं फाटक वेगळं, आत खाण्यापिण्याचे काउंटर वेगळे, स्वच्छतागृहंसुद्धा वेगळी, आणि घरच्या प्रेक्षकांच्या बाजूला स्टुअर्ड लोकांची, म्हणजे मैदानावरच्या बंदोबस्ताच्या कर्मचाऱ्यांची, रांग. प्रीमियर लीगच्या नियमाप्रमाणे यजमान क्लबने पाहुण्यांना किमान ३,००० तिकिटं द्यायची असतात, आणि मैदान तीस हजारांहून लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. म्हणजे टॉटनहॅमच्या ६२,८५० क्षमतेच्या नव्या मैदानावर तीन हजार, आणि ब्रेंटफर्डच्या १७,२५० च्या मैदानावर जेमतेम सतराशे. ही तिकिटं विकतो पाहुणा क्लब, तेही आधी आपल्या सीझन तिकीटवाल्यांना, ज्यांनी आजवर जास्त सामने केले त्यांना अगोदर. २०१६-१७ पासून या तिकिटाची किंमत ३० पौंडांच्या वर जात नाही. तेव्हा एखादी वेबसाइट दोनशे पौंडांना 'अवे एन्ड', म्हणजे पाहुण्यांच्या भागातली जागा, देऊ करत असेल तर तिथेच थांबा. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

हे मी सगळ्यांना सांगते. तरी दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या घरातल्या मुलाने व्हायचं ते करून घेतलंच. तिकडे एमएस करत होता. वडील पहिल्यांदाच भेटायला गेले, तर त्यांना आपल्या क्लबचा सामना दाखवावा म्हणून त्याने मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून दोन तिकिटं घेतली. जागा आली घरच्या समर्थकांच्या ऐन मधोमध. त्याला हे कळत होतं. "शर्ट जॅकेटच्या आत घालू, गप्प बसू, कुणाला काय कळणार," असा त्याचा हिशोब. वडिलांना त्याने एवढंच सांगितलं, "बाबा, आपण शांत बसायचं."

वडील मोतीबागेवर रणजी सामने बघत वाढलेले. पाहुण्या फलंदाजाने सुरेख कव्हर ड्राइव्ह मारला तर टाळी वाजवायची, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. दुसऱ्या हाफमध्ये पाहुण्या संघाने लांबून एक देखणा गोल केला आणि काका उठून उभे राहिले, मनापासून टाळ्या वाजवत. भोवतालचं सगळं स्टँड चिडीचूप. मागच्या रांगेतून शिव्या सुरू झाल्या. स्टुअर्ड आला, तिकीट बघितलं, मुलाच्या जॅकेटमधून डोकावणारी कॉलर बघितली आणि दोघांना बाहेर काढलं. अवे एन्ड भरलेला असतो, तिथे हलवत नाहीत. बाहेर म्हणजे रस्त्यावर, आणि एकदा बाहेर गेल्यावर परत आत नाही. नोव्हेंबरच्या थंडीत बसथांब्यावरून मुलाने मला फोन लावला, मग वडिलांनी तो हातात घेतला. ते म्हणाले, "अगं, चांगल्या गोलला टाळी वाजवली. त्यात माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. स्टुअर्डचंही नाही. घरच्या भागात पाहुण्यांचा समर्थक आढळला तर त्याला बाहेर काढायचं, हे मैदानाच्या नियमांत लिहिलेलं असतं, आणि पुढे हाणामारी होऊ नये म्हणून ते अमलात आणलं जातं. चूक मुलाची. जॅकेटखाली शर्ट लपवण्याची युक्ती मला अजिबात पटत नाही. तुम्ही गोल झाल्यावर ओरडायलाच तिथे गेलेले असता, मग नव्वद मिनिटं तोंड दाबून कसले समर्थक?

माझा रस्ता सावकाशीचा आहे. आदल्या हंगामातच क्लबची मेंबरशिप घ्या. सुरुवातीला मोठे सामने मागू नका. मंगळवारी रात्रीचा लीग कपचा सामना, ज्याला गावातली माणसंही कंटाळतात, त्याचं तिकीट मागा. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पाहुण्यांना मैदानाच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा मागता येते, त्यामुळे तिथे नव्या माणसाला संधी जास्त. मीही अशाच सामन्यांपासून सुरुवात केली. हे जमत नसेल तर घरच्या भागात यजमान क्लबकडूनच रीतसर तिकीट घ्या, साधे कपडे घाला आणि फक्त खेळ बघायला जा. मित्राच्या मेंबरशिप कार्डावर, मित्राच्या नावाने मात्र जाऊ नका. पकडले गेलात तर शिक्षा मित्राला होते.

शनिवार गृहीत धरून विमान काढणं

जूनमधल्या वेळापत्रकातली तारीख पक्की नसते. २०२५-२६ पासूनच्या टीव्ही करारानुसार हंगामातल्या ३८० पैकी किमान २६७ सामने तिथल्या टीव्हीवर थेट दाखवले जातात, आणि शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवतच नाहीत. याचा अर्थ सरळ आहे. टीव्हीवाल्यांनी निवडलेला सामना शनिवारीच दुसऱ्या वेळी, नाहीतर शुक्रवारी रात्री, रविवारी किंवा सोमवारी रात्री सरकणार, आणि ही निवड काही आठवडे आधी हप्त्याहप्त्याने जाहीर होते. मांजलपूरची चार मुलं शनिवारचा सामना धरून रविवारच्या परतीची तिकिटं काढून बसली. सामना सोमवारी रात्री गेला. तो त्यांनी दुबईच्या विमानतळावर मोबाइलवर बघितला.

विमान स्वस्त मिळतंय म्हणून मार्चमध्येच तिकीट काढणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय. तुम्हाला ऐकायचं असेल तर सामन्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन दिवस मोकळे ठेवा, आणि रेल्वे आणि हॉटेल टीव्हीची निवड लागल्यावरच घ्या. सोमवारी रात्री आठचा सामना दहाच्या सुमाराला संपतो. मँचेस्टर किंवा लिव्हरपूलहून लंडनची शेवटची गाडी बहुतेक वेळा तोवर निघून गेलेली असते. त्या रात्री त्याच गावात मुक्काम धरा.

अर्थ न कळता गाण्यात सूर मिसळणं

ही चूक कमी लोक करतात, पण ती बघून मला जितका त्रास होतो तितका दुसऱ्या कुठल्याही चुकीने होत नाही.

आपल्याच विद्यापीठातून शिकून गेलेला एक मुलगा. त्याने अवे एन्डमधला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत माझ्याकडे आला. भोवतालची काही टवाळ माणसं दोन्ही हात पसरून विमानासारखी डुलत होती आणि हाही हसत हसत हात पसरून डुलत होता. त्याला वाटलं, जल्लोषाची काहीतरी पद्धत आहे. मी लगेच फोन केला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला उड्डाण घेताना मँचेस्टर युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं. २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. तो हावभाव त्या मृतांची टिंगल आहे. मुलगा फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही, मग व्हिडिओ काढून टाकला.

तसंच हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९, शेफील्डला एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. गर्दीच्या चेंगराचेंगरीत अखेरीस ९७ जण गेले. वर्षानुवर्षं दोष समर्थकांवर ढकलला गेला. २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं की समर्थकांची चूक नव्हती. १९८९ मध्ये, दुर्घटनेनंतर, निळ्या एव्हर्टनच्या आणि लाल लिव्हरपूलच्या लोकांनी मिळून स्टॅन्ली पार्क ओलांडून एव्हर्टनच्या गुडिसन मैदानापासून लिव्हरपूलच्या ॲनफील्डपर्यंत लाल आणि निळे मफलर एकमेकांना बांधत नेले होते. त्या शहरात मी राहिले आहे. निळ्या घरातला नवरा आणि लाल घरातली बायको, असे संसार तिथे गल्लोगल्ली आहेत आणि ते दुःख दोन्हीकडे आहे. त्यावरचं टवाळ गाणं ज्याच्या तोंडून निघेल त्याच्या शेजारी मी उभी राहत नाही.

आता कायदाही कडक झालाय. २०२३ च्या एफए कप अंतिम सामन्याला वेंब्लीत हिल्सबरोच्या मृतांची थट्टा करणारा शर्ट घालून आलेल्या माणसावर न्यायालयाने चार वर्षं फुटबॉल मैदानांची बंदी घातली. व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याने असलं काही अंगावर घेणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. आपल्या क्लबची, आपल्या खेळाडूंची गाणी घरूनच पाठ करून जा. बाकीच्या वेळी टाळ्या पुरेत. जे गाणं कळलं नाही ते गायचं नाही.

बसून बघायला मिळेल असं समजणं

हिल्सबरोनंतरच्या चौकशीच्या टेलर अहवालामुळे वरच्या दर्जाच्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या आल्या. २०२२ पासून काही भागांत परवानगीने उभं राहता येतं. पण अवे एन्डमध्ये कागदावर काहीही असो, पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत सगळे उभेच असतात. आजोबांना, गुडघे दुखणाऱ्या आत्याला तिथे नेऊ नका. न्यायचंच असेल तर तिकीट घेतानाच क्लबला कळवा आणि वेगळ्या सोयीची जागा मागा.

फाटकावर अडकणं

बहुतेक मैदानांवर ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत जात नाही. विमानतळावरून थेट ट्रॉली बॅग ओढत येणारे दरवेळी दिसतात. मोठ्या रेल्वे स्थानकांवर पैसे भरून सामान ठेवता येतं, तिथे ठेवा. स्टीलचा डबा, थर्मास, काचेची बाटली घरी. लिलो चेवडा आणायचा तर प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत, खिशात मावेल इतकाच.

झेंड्याचं वेगळं सांगते. आपल्या काही मुलांनी मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर क्लबचं चिन्ह आणि खाली 'बडोदे' असं सुंदर रंगवून नेलं होतं. चार रात्री खपून काढलेलं काम फाटकावरच राहिलं, कारण मोठ्या झेंड्याला अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र लागतं. काठी तर नाहीच. एवढी हौस असेल तर क्लबला आधी ईमेल करा, मापं विचारा, किंवा दोन हातांत मावेल इतका छोटा झेंडा करा. मला तो मोठा झेंडा आत गेलेला बघायला फार आवडलं असतं.

तिकीट आता फोनमध्येच असतं आणि स्क्रीनशॉट चालत नाही. ते फाटकाच्या रांगेत डाउनलोड करू नका, तिथे नेटवर्क मिळत नाही. आदल्या रात्री फोनच्या वॉलेटमध्ये टाका. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार असेल तर ते सिम चालू ठेवा. नोटा घेऊन जाण्यात अर्थ नाही. टॉटनहॅमचं मैदान २०१९ मध्ये उघडलं ते रोकड न घेताच, आणि आता नवी मैदानं तशीच असतात.

बिअर आपल्या जागेवर नेता येत नाही. पिऊन झिंगलेल्या अवस्थेत आत शिरणं हा १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, स्मोक बॉम्ब किंवा फटाका जवळ बाळगणं हासुद्धा. जानेवारीत सुती मोजे घालू नका.

शिट्टी वाजताच स्टेशनकडे धावणं

शेवटच्या शिट्टीनंतर हजारो माणसं एकाच स्टेशनवर लोटतात. आर्सेनलच्या मैदानाजवळचं हॉलोवे रोड स्टेशन सामन्यानंतर बंदच धरून चाला. मी फिन्सबरी पार्कपर्यंत पायी जाते. एव्हर्टनच्या नव्या मैदानाला सँडहिल्स जवळचं, पण सामन्यानंतर त्याच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा गोदीच्या कडेने शहराच्या मध्यापर्यंत चालत गेलेलं बरं. मफलर खिशात घाला, सामना हरला-जिंकला यावर रस्त्यात मोठ्याने बोलू नका, आणि आपल्या घोळक्याबरोबरच राहा. त्याआधी दहा मिनिटं जागेवर थांबा. खेळाडू बहुधा त्या कोपऱ्याकडे येतात, आणि इतक्या लांबून आलेल्यांसाठी टाळ्या वाजवतात.